स्त्रियांची गोल्फस्पर्धा आणि मागलें दार

एखादा विषय क्षुद्र ठरवावयाचा असला म्हणजे आपल्याकडे त्याविरुद्ध युक्तिवाद करण्याचे श्रम कोणी घेत नाहीं. नुसतें हंसलें म्हणजे पुरतें. स्त्रियांनीं गोल्फ खेळावा आणि खेळून पैसे मिळवावे, हा असाच हंसण्यावारी नेला जाणारा विषय आहे. 'विमेन्स इंडियन ओपन' या नांवाची व्यावसायिक स्त्रियांची स्पर्धा दिल्लीच्या परिसरांत भरते, देशोदेशींच्या खेळाडू तींत भाग घेतात, आणि मराठी वर्तमानपत्रांत तिच्याविषयीं चार ओळी आल्या तर आल्या. त्या वाचून आमचे सुशिक्षित गृहस्थ "श्रीमंतांचे चोचले!" एवढाच अभिप्राय देतात व पान उलटतात, त्यांच्या सुशिक्षित गृहिणी तेवढाही देत नाहींत. आमचें म्हणणें असें कीं, या चार ओळींमागें जो इतिहास आहे तो वाचण्यासारखा आहे. आणि तो नीट वाचला तर हंसूं येण्यापेक्षां थोडी शरम वाटण्याचाच संभव अधिक. ती शरम कोणीं बाळगावी व तिचें परिमार्जन कसें व्हावें, हें आम्हांस या लेखांत सांगावयाचें आहे.

प्रथम इतिहास पाहूं. ही स्पर्धा २००७ सालीं सुरू झाली. पहिल्या वर्षीं ती तैवानच्या यानी त्सेंग हिनें जिंकली. त्या वेळीं ती अवघी १८ वर्षांची होती, व पुढें २०११ सालीं ती जगांतील पहिल्या क्रमांकाची खेळाडू झाली. थायलंडच्या पोर्नानोंग फटलुम हिनें २००८, २००९ आणि २०१२ असें तीन वेळां विजेतेपद मिळविलें. २०१० सालीं इंग्लंडच्या लॉरा डेव्हीस या नामांकित खेळाडूनें तें नेलें. युरोपांतील व्यावसायिक स्त्रियांच्या वार्षिक दौऱ्यांत या स्पर्धेस स्थान मिळालें तेंही त्याच सुमारास. पुढें २०१६ च्या नोव्हेंबरांत बंगळूरच्या अदिती अशोक या १८ वर्षांच्या मुलीनें ती एका फटक्याच्या अंतरानें जिंकली. युरोपीय दौऱ्यावरील स्पर्धा जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री होय. २०२० व २०२१ या दोन वर्षीं महामारीमुळें स्पर्धा भरली नाहीं. २०२२ पासून ती पुन्हा सुरू झाली, आणि २०२५ सालीं सिंगापूरच्या शॅनन टॅन हिच्याकडे विजेतेपद गेलें. एकूण हिशेब असा, कीं स्पर्धा १७ वेळां झाली, १५ निरनिराळ्या स्त्रियांनीं ती जिंकली, आणि त्यांत भारतीय एकच.

हा हिशेब मांडला कीं लगेच कोणी तरी म्हणणारच, "पहा, आपल्या मुलींच्यानें हें होण्यासारखें नाहीं." या गृहस्थांनीं पुरुषांचाही हिशेब पाहावा. पुरुषांची 'इंडियन ओपन' १९६४ सालीं सुरू झाली व पहिल्या वर्षीं ती ऑस्ट्रेलियाच्या पीटर थॉमसन यांनीं जिंकली. १९६५ सालीं पी. जी. सेठी या हौशी खेळाडूनें ती जिंकून दाखविली, ही गोष्ट भूषणावह खरी. परंतु खेळावर पोट भरणारा पहिला भारतीय विजेता निघाला तो १९९१ सालीं, अली शेर याच्या रूपानें. म्हणजे पुरुषांस जें साधावयास २७ वर्षें लागलीं तें स्त्रियांनीं ९ वर्षांत साधलें. असें असतां पुरुषांच्या त्या २७ वर्षांत "भारतीय पुरुषांस हा खेळ झेपणारा नाहीं" असा निष्कर्ष कोणीं काढल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. न्यायाचा तराजू दोन प्रकारचीं वजनें घेऊन बसला आहे, याहून दुसरें काय म्हणावें?

वजनांचा हा भेद पैशांत तर अगदीं उघडा होतो. २०२३ सालीं या दोन्ही स्पर्धा गुरुग्रामच्या एकाच मैदानावर झाल्या. दोहोंचा पुरस्कर्ता एकच, दुचाकी बनविणारी प्रसिद्ध कंपनी. पुरुषांस चार दिवस खेळावें लागलें, स्त्रियांसही चार दिवस खेळावें लागलें. ऊन तेंच, गवत तेंच. पुरुषांच्या बक्षिसांची एकूण रक्कम २० लाख डॉलर होती व स्त्रियांच्या बक्षिसांची ४ लाख. एका रुपयास तीन आणे व वर पुरा एक पैसाही नाहीं, असा हा हिशेब. बरें, अदितीनें २०१६ सालीं स्पर्धा जिंकली तेव्हांही स्त्रियांची रक्कम ४ लाखच होती. म्हणजे सात वर्षांनंतरही ती तेथेंच. त्या सात वर्षांत भाजीपासून विमानाच्या भाड्यापर्यंत काय काय महागलें, हें घर चालविणाऱ्या आमच्या वाचकांस सांगावयास नको.

यावर तयार असलेलें उत्तर असें, कीं पैसा प्रेक्षकांमागें जातो. स्त्रियांचा खेळ पाहावयास लोक येत नाहींत, म्हणून पैसा कमी. या युक्तिवादांत बाजाराला जणूं पर्जन्यासारखें नैसर्गिक मानलें आहे: पडला तर पडला, नाहीं तर नाहीं. परंतु ज्या अमेरिकेस आपण बाजाराचें माहेर समजतों तेथील इतिहास याच्या अगदीं उलट साक्ष देतो. तेथें व्यावसायिक स्त्रियांची पहिली संस्था १९४४ सालीं निघाली. तिच्या विद्यमानें १९४६ सालीं स्पोकेन या गांवीं स्त्रियांची पहिली 'यू. एस. ओपन' झाली व ती पॅटी बर्ग हिनें जिंकली. पुढें ती संस्था खिळखिळी झाली, तेव्हां १९५० सालीं १३ स्त्रियांनीं नवी संस्था उभी केली. या तेरा जणींचा इतिहास वाचण्यासारखा आहे. त्यांनीं मोटारी आपल्या आपण हांकल्या, एका गांवाहून दुसऱ्या गांवीं मुक्काम हालविले, मैदानावर खुणा स्वतः केल्या, पत्रव्यवहार व हिशेब स्वतः ठेवले, आणि मग त्याच मैदानावर उभ्या राहून एकमेकींशीं स्पर्धा केली. तेव्हांही हंसणारे होतेच. त्याच 'यू. एस. ओपन' स्पर्धेंत २०२२ सालीं स्त्रियांसाठीं १ कोटि डॉलरांचीं बक्षिसें होतीं. पुरुषांची बरोबरी अद्याप झालेली नाहीं. तथापि बाजार आधीं येतो व मग खेळाडू येतात, हें मत या इतिहासापुढें टिकत नाहीं. कोणी तरी पेरल्याशिवाय उगवत नाहीं, हें शेतकऱ्यास ठाऊक असलेलें सत्य अर्थशास्त्राच्या पदवीधरांनीं विसरावें, हें आश्चर्य आहे.

इतक्या दूर जाण्याचेंही कारण नाहीं. आपल्याच महाराष्ट्रांत एके काळीं प्रतिष्ठित स्त्रीनें तिकीट लावून जाहीर मैफल करावी ही कल्पना सभ्य लोकांस असह्य होती. गाणें घरांत चालेल, देवापुढें चालेल. पण पैसे घेऊन, चार लोकांसमोर? हिराबाई बडोदेकर यांनीं ती मर्यादा ओलांडली, आणि ज्या घरांतून नाकें मुरडलीं गेलीं त्याच घरांतल्या मुली पुढें तंबोरा घेऊन बसूं लागल्या. 'धंदेवाईक' हा शब्द पुरुषाच्या नांवामागें लागला तर त्याचें कौशल्य सुचवितो, आणि स्त्रीच्या नांवामागें लागला तर तिचें शील संशयांत टाकतो. ही आपल्या भाषेंतील जुनी खोड आहे, व तिचा उगम भाषेंत नसून आपल्या मनांत आहे. क्रिकेटचें उदाहरण तर कालपरवांचें. स्त्रियांची पहिली आंतरराज्य स्पर्धा १९७३ सालीं पुण्यास झाली, ती तीन संघांवर. त्यानंतर कित्येक वर्षें या मुली पदरचे पैसे घालून खेळल्या. २०२२ सालीं क्रिकेट नियामक मंडळानें स्त्रीपुरुषांस सामन्याचें मानधन सारखें केलें, २०२३ सालीं मुंबई व नवी मुंबई येथें स्त्रियांची व्यावसायिक साखळी स्पर्धा सुरू झाली, आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजीं नवी मुंबईच्याच मैदानावर आपल्या मुलींनीं विश्वचषक जिंकला. त्या रात्रीं जे गृहस्थ पेढे वाटीत होते, त्यांतील कित्येकांनीं दहा वर्षांपूर्वीं मुलींच्या क्रिकेटचें नांव निघतांच कोणतें स्मित केलें होतें, हें त्यांनींच आठवून पाहावें.

आतां सर्वांत वजनदार आक्षेपाकडे वळूं. आक्षेप असा, कीं क्रिकेटची गोष्ट वेगळी. तें गल्लींत खेळतां येतें. गोल्फ हा मूठभर श्रीमंतांचा खेळ. अठरा खळग्यांच्या एका मैदानास शंभर एकरांहून अधिक जमीन लागते, पाणी लागतें, माळी लागतात. जेथें माणसांस राहावयास जागा नाहीं तेथें चेंडूस लोळावयास एवढी जागा कशास? हा आक्षेप पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यांतून निघाला म्हणजे आम्हांस फारसा खरा वाटत नाहीं, कारण तो काढणारे गृहस्थ संधि मिळतांच त्याच क्लबाचे सभासद होण्यास उत्सुक असतात. परंतु आमचा सध्यांचा मुक्काम जेथें आहे तेथें तो फार खरा वाटतो.

हा मुक्काम चौक येथें आहे. मीरा-भाइंदर महानगरपालिकेच्या हद्दींत, उत्तन व पाली यांच्या शेजारचें हें मच्छीमारांचें गांव. पलीकडे वसईची खाडी व वसईचा किल्ला, आणि गांवाच्या टेकाडावर धारावीच्या किल्ल्याचे अवशेष. १७३९ च्या वसईच्या मोहिमेंत चिमाजी आप्पांच्या फौजेला या ठाण्याचें महत्त्व किती वाटलें, हें इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहे. येथील किनाऱ्यावर जागेची किंमत मैदानांत मोजीत नाहींत. बोंबील सुकविण्यासाठीं बांबूच्या किती दांड्या उभ्या राहतील यावर मोजतात. या शतकाच्या पहिल्या दशकांत गोराई-मनोरी-उत्तनच्या पट्ट्यांत विहारस्थानांचें मोठें क्षेत्र करण्याचा बेत निघाला, तेव्हां येथील लोकांनीं त्यास विरोध केला तो याच हिशेबानें. अशा गांवीं बसून "स्त्रियांच्या गोल्फसाठीं आणखी जमीन द्या" असें लिहिण्याचें धाष्टर्य आमच्यानें व्हावयाचें नाहीं, आणि तशी आमची मागणीही नाहीं. आम्ही नवी जमीन एक गुंठाही मागत नाहीं. जी जमीन पूर्वींच कुंपणाआड गेली आहे, तिच्या फाटकाविषयीं आमचें म्हणणें आहे.

आणि चौक येथील कोळिणींकडे पाहिलें म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानांत येते. होडी किनाऱ्यास लागली कीं मासळी निवडणें, वाळविणें, पाटी डोक्यावर घेऊन बाजार गांठणें, भाव ठरविणें आणि पैसा मोजून घेणें, हीं सारीं कामें या बायका उघड्यावर, चार लोकांसमोर, शरीर झिजवून करितात. त्यांचें हें करणें स्त्रीच्या नाजूकपणास शोभत नाहीं, असें म्हणावयास कोणी धजत नाहीं. धजला तर त्यास योग्य तें उत्तर तत्काळ मिळेल! स्त्रीनें उन्हांत कष्ट करून पैसा मिळविणें आपल्या समाजास मान्य आहे. अमान्य आहे तें एवढेंच, कीं तिनें उन्हांत खेळावें आणि पैसा मिळवावा. कष्टाचा मोबदला चालतो, कौशल्याचा चालत नाहीं. या विचित्र नीतीचें समर्थन कोणीं करूं म्हटल्यास आम्ही तें ऐकावयास उत्सुक आहों.

म्हणून आतां मुख्य प्रश्न: गरिबाचें पोर या खेळांत शिरतें कसें? पुरुषांच्या बाबतींत याचें उत्तर सर्वांस ठाऊक आहे. अली शेर हा दिल्लीच्या गोल्फ क्लबांत कॅडी होता. म्हणजे साहेबांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहणारा पोऱ्या. २०१६ व २०१७ अशीं लागोपाठ दोन वर्षें 'इंडियन ओपन' जिंकणारा एस. एस. पी. चौरसिया हा कलकत्त्याच्या जुन्या क्लबांत गवताची निगा राखणाऱ्या माळ्याचा मुलगा. फाटकांतून आंत येण्याचा अधिकार या मुलांस नव्हता. पण मागलें दार होतें. पिशवी वाहतां वाहतां त्यांनीं खेळ पाहिला, मालकांची पाठ वळली कीं मोडक्या काठीनें चेंडू मारला, आणि एके दिवशीं मालकांसच मागें टाकलें. हें मागलें दार फार अपमानाचें होतें, यांत शंका नाहीं. पण तें दार होतें.

मुलींस तेंही नाहीं. कॅडीचें काम मुलग्यांचें, माळ्याचा हात धरून मैदानावर हिंडण्याची मोकळीक मुलग्यास, आणि अंधार पडल्यावर रिकाम्या मैदानावर चेंडू मारण्याची चोरटी चैनही मुलग्यासच. चौरसियास बहीण असती आणि तिच्या हातांत तेंच कसब असतें, तर तें कसब कोणास कळलें असतें? आपल्याकडे म्हण आहे, नाचतां येईना अंगण वांकडें. मुलींच्या बाबतींत गंमत अशी, कीं अंगण वांकडें कीं सरळ हा प्रश्नच उद्भवत नाहीं. अंगणांत त्यांना कोणीं पाऊलच ठेवूं दिलेलें नाहीं, आणि नाचतां येत नाहीं हा शेरा मात्र आधींच मारून ठेवला आहे.

मग ज्या थोड्या मुली पुढें आल्या त्या कोठून आल्या? प्रत्येकीची वाट तपासली तर कोठें ना कोठें एक उघडें दार सांपडतें. अदितीचे आईबाप गोल्फ खेळणारे नव्हते. कर्नाटक गोल्फ संघटनेच्या मैदानाशेजारीं न्याहरीस जात असतां तेथील सरावाची जागा दिसे. पांचसहा वर्षांच्या मुलीस कुतूहल वाटलें, व सभासद नसतांही तेथें जाऊन चेंडू मारतां येत असे. पुढें रिओच्या ऑलिंपिकमध्यें बापानें तिची पिशवी वाहिली आणि टोकियोच्या ऑलिंपिकमध्यें आईनें. ७ ऑगस्ट २०२१ रोजीं सकाळीं सारा देश एक दिवसापुरता गोल्फचा पंडित झाला होता. अदिती चौथी आली, तिसरीच्या व तिच्या मध्यें एका फटक्याचें अंतर राहिलें. दीक्षा डागर ही लष्करी अधिकाऱ्याची मुलगी. तिला जन्मापासून ऐकूं कमी येतें. सैन्याच्या मैदानाचें दार तिला उघडें होतें, आणि २०१९ सालीं दक्षिण आफ्रिकेंत युरोपीय दौऱ्यावरील स्पर्धा तिनें जिंकली. एकीस संघटनेच्या सरावाच्या जागेनें वाट दिली, दुसरीस बापाच्या नोकरीनें. देशांतील कोट्यवधि मुलींतून दोनचार मुली एवढ्याशा फटींतून आंत आल्या आणि त्यांनीं एवढें करून दाखविलें. फट दिसतांच जर हें झालें, तर दार उघडल्यानें काय होईल याचा अंदाज वाचकांनींच करावा.

आणि महाराष्ट्र? आपला प्रांत या खेळांत कालचा नव्हे. कलकत्त्यास १८२९ सालीं गोल्फचा क्लब निघाला, त्यानंतर तेराच वर्षांनीं, १८४२ सालीं, मुंबईस निघाला. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. पुण्यास येरवड्याचें मैदानही जुनेंच. देशांतर्गत व्यावसायिक स्त्रियांच्या दौऱ्याचे टप्पे पुण्यामुंबईस झालेले आहेत, तेव्हां सोय नाहीं ही सबब चालण्यासारखी नाहीं. तरीही स्त्रियांची ही मुख्य स्पर्धा महाराष्ट्रांत एकदांही भरलेली नाहीं, आणि तिच्या विजेत्यांच्या यादींत मराठी नांव एकही नाहीं. ज्या प्रांतानें मुलींची शाळा १८४८ सालीं काढली, त्या प्रांतास मुलींसाठीं सरावाचें एक मैदान उघडण्यास अजून मुहूर्त सांपडूं नये, हें आमच्या सुधारणेच्या अभिमानास शोभत नाहीं.

कुंपणें कायमचीं नसतात याचा दाखला नाशिकास आहे. तेथील ज्या मैदानास लोक अजूनही 'गोल्फ क्लब' म्हणतात, तें आज गोल्फचें राहिलेलें नाहीं. तेथें रणजी करंडकाचे सामने होतात, सकाळसंध्याकाळ नागरिक फिरावयास येतात, आणि मैदानास नांव आहे हुतात्मा अनंत कान्हेरे यांचें. १९०९ सालीं कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडणाऱ्या तरुणाचें. साहेबांच्या खेळाची जागा अशा रीतीनें सर्वांची झाली. दुसरें उदाहरण खारघरचें. तेथें सिडकोनें, म्हणजे पर्यायानें सरकारनें, डोंगराच्या पायथ्याशीं गोल्फचें मैदान तयार केलें आहे. सार्वजनिक संस्थेच्या जमिनीवर व सार्वजनिक संस्थेच्या पैशानें झालेल्या मैदानावर आसपासच्या पालिकांच्या शाळांतील मुलींस आठवड्यांतून दोन सकाळीं चेंडू मारतां येऊं नये, याचें एकही समर्थनीय कारण आम्हांस दिसत नाहीं.

कोणी म्हणेल, हे क्लब खासगी. त्यांच्या नियमांत हात घालणारे आपण कोण? या प्रश्नाचें उत्तर स्कॉटलंडनें दिलें आहे, आणि आमच्या मतें सबंध वादाची किल्ली त्यांत आहे. सेंट अँड्र्यूजच्या १७५४ सालापासूनच्या सुप्रसिद्ध क्लबानें २६० वर्षें स्त्रियांस सभासद करून घेतलें नाहीं. २०१४ सालीं मत घेऊन तो निर्बंध काढला. म्यूरफील्ड येथील क्लब त्याहूनही हट्टी. त्यानें २०१६ सालीं मत घेतलें आणि स्त्रियांस नकार दिला. तेव्हां 'ओपन' स्पर्धा भरविणाऱ्या संस्थेनें सांगितलें, कीं जेथें स्त्रियांस सभासदत्व नाहीं तेथें यापुढें स्पर्धा देणार नाहीं. झालें! पुढच्याच वर्षीं, २०१७ सालीं, पुन्हा मत घेण्यांत आलें व जुन्या सभासदांच्या अंतःकरणांत न्यायबुद्धीचा उदय झाला. २०२२ सालीं त्याच म्यूरफील्डवर स्त्रियांची 'ओपन' झाली आणि दक्षिण आफ्रिकेच्या अ‍ॅशली बुहाई हिनें ती जिंकली. शतकानुशतकें उपदेशानें जें झालें नाहीं तें स्पर्धा हिरावली जाण्याच्या भीतीनें दहा महिन्यांत झालें. स्पर्धा म्हणजे केवळ चार दिवसांची शोभा नव्हे. ती हातीं असणाऱ्यास कुंपणाचें कुलूप उघडतां येतें. मात्र किल्ली फिरविण्याची इच्छा पाहिजे.

यावरून आमच्या मागण्या सरळ निघतात. पहिली ही, कीं स्त्रियांची व्यावसायिक स्पर्धा, मग ती मोठी असो कीं देशांतर्गत दौऱ्याचा एखादा टप्पा असो, ज्या मैदानाची सरावाची जागा सभासद नसलेल्या मुलींस ठराविक वेळीं अल्प शुल्कांत उघडी आहे अशाच मैदानास द्यावी. इतरांस देऊं नये. दुसरी ही, कीं जीं मैदानें सरकारी जमिनीवर किंवा सरकारी संस्थांच्या मालकीचीं आहेत, त्यांस ही अट स्पर्धा असो वा नसो, बंधनकारक करावी. तिसरी, कॅडीचें काम मुलींसही द्यावें, योग्य वेतनानें व सुरक्षिततेनें द्यावें, आणि मुलगा असो वा मुलगी, पिशवी वाहणाऱ्यास आठवड्यांतील एक दिवस खेळावयास द्यावें. म्हणजे मागल्या दारांतील अपमान जाईल व दार तेवढें राहील. चौथी, एकच पुरस्कर्ता जेथें दोन्ही स्पर्धांस पैसा देतो तेथें दोन्ही रकमांतील अंतर दर वर्षीं कमी करीत आणावें. ज्यास गाड्या स्त्रियांनाही विकावयाच्या असतात, त्यास ही मागणी जड वाटूं नये.

राहिला प्रश्न आमच्या वाचकांचा. कारण पांचवी मागणी त्यांच्याकडे आहे. मध्यमवर्गीय कुटुंबांस क्लबाची वर्गणी परवडणारी नाहीं, हें आम्हीं जाणतों. परंतु स्त्रियांचा खेळ पाहावयास वर्गणी लागत नाहीं. दौऱ्याचा टप्पा पुण्यास किंवा मुंबईस आला म्हणजे एक रविवार मोडून मुलींस घेऊन जावें. आंत सोडीत नसतील तर कां सोडीत नाहींत तें लेखी विचारावें. आपल्या वर्तमानपत्रास पत्र लिहून चार ओळींच्या आठ ओळी करावयास सांगावें. शाळेच्या संमेलनांत मुलीच्या हातीं बक्षीस म्हणून पाकशास्त्राचें पुस्तक देण्यापूर्वीं क्षणभर विचार करावा. हीं लहान कामें आहेत; पण प्रेक्षक नाहींत म्हणून पैसा नाहीं, हा युक्तिवाद ज्यांच्या जोरावर उभा आहे ते प्रेक्षक म्हणजे आपणच आहों, हें विसरून चालणार नाहीं.

कोणी असें समजूं नये, कीं चौक येथील प्रत्येक मुलीनें गोल्फ खेळावा असा आमचा आग्रह आहे. तिला समुद्र आवडेल, शिक्षण आवडेल, आईची पाटी आवडेल, कीं आणखी कांहीं. तो तिचा प्रश्न. पण जी वस्तु तिनें कधीं पाहिलीच नाहीं ती तिला नको आहे, असें तिच्या वतीनें ठरवून टाकण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला? १७ स्पर्धांत एक भारतीय नांव आलें, तें एका सरावाच्या जागेचें दार उघडें होतें म्हणून आलें. महाराष्ट्रांतील मैदानांचीं फाटकें बंद ठेवून पुढील १७ स्पर्धांच्या यादींत मराठी नांव शोधीत बसणें हा शहाणपणा नव्हे. आधीं फाटक उघडा. मग मुलींच्या अंगीं काय आहे आणि काय नाहीं, तें त्याच दाखवितील.